बाबांना तेलुगू येतंय, मराठी नाही: मेंदूचा नेमका कोणता भाग गेला?

तुमचा प्रश्न मोठा आहे. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला लगेच दिसेल.

वडील ६४ वर्षांचे, सगळं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर गेलेलं. घरात तेलुगू, कारखान्यात आणि बाजारात मराठी. नऊ आठवड्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, बोलणं बंद झालं. एमआरआयच्या रिपोर्टवर ‘लेफ्ट एमसीए टेरिटरी इन्फार्क्ट’ असं लिहिलंय. आता धरून चालतात, हात मात्र तसाच आहे. तेलुगूत सुटे शब्द येतात, मराठीत एकही नाही, आणि तुमच्या मिसेस मराठी घरातल्या असल्यामुळे त्यांना हे मुद्दाम केल्यासारखं वाटतं. परवा मार्कंडेयाची आरती मात्र त्यांनी एक शब्द न चुकता म्हटली, आणि चहा सांडला तेव्हा शिवीही खणखणीत दिली. शेजारी म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय. म्हणून तुम्हाला मेंदूचे भाग आणि त्यांची कामं अशी यादी हवी आहे, ‘कोणता भाग गेला ते कळलं की पुढचं ठरवता येईल’. शिवाय उजवा मेंदू जागा करून देणारा एक क्लास कुणीतरी सुचवलाय.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. सोलापुरात तेवीस वर्षं हेच काम करते, निम्मं वॉर्डात आणि निम्मं लोकांच्या घरी, बाजेशेजारी स्टूल टाकून. यादी देते. पण ती वाचून तुम्हाला जे हवंय ते मिळणार नाही. तुम्हाला खरं तर हे कळायला हवंय की बाबांना आपलं समजतं का, आणि समजत असेल तर त्यांच्याशी बोलायचं कसं. यादीपासून तिथपर्यंतचा रस्ता जरा लांबचा आहे.

यादी पुस्तकात असते तशी आधी पटकन सांगून टाकते. कपाळामागचा भाग, फ्रंटल लोब: ठरवणं, सुरुवात करणं, स्वतःला आवरणं, आणि त्याच्या मागच्या कडेला हातापायांना हुकूम देणारी पट्टी. त्या पट्टीच्या लगेच मागे पराएटल लोब: स्पर्श, शरीराचं आणि जागेचं भान. कानाच्या वरचा टेम्पोरल लोब: ऐकलेल्याचा अर्थ, आणि आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस, जो नव्या आठवणी पक्क्या करतो. डोक्याच्या मागे ऑक्सिपिटल लोब: दृष्टी. खाली मानेच्या वर लहान मेंदू: तोल आणि हालचालीतली सफाई. त्याच्या पुढे मेंदूचा दांडा, म्हणजे ब्रेनस्टेम: श्वास, गिळणं, जाग. सगळं मिळून साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा खातो. म्हणून तर रक्त काही मिनिटं अडलं की होत्याचं नव्हतं होतं.

हे सगळं खरं आहे. अडचण अशी की पेशंट या यादीप्रमाणे आजारी पडत नाहीत.

सोलापूरहून विजयपूर-गदगची लाइन होटगीला फुटते, आणि वाडीकडे जाणारी मुख्य लाइनही होटगीवरूनच जाते. उद्या होटगीत रूळ उखडले तर विजयपूरचं स्टेशन शाबूत असेल, तिकीट खिडकी उघडी असेल, हमाल बसलेले असतील, फक्त सोलापूरची गाडी येणार नाही. विजयपूरला जाऊन ‘इथं काय बिघडलं’ म्हणून कितीही शोधा, काही सापडणार नाही. मेंदूत असंच असतं. कुठलंही काम एका स्टेशनात होत नाही, ते रस्त्यावर होतं. ‘बोलणं’ हे तर दहा-वीस स्टेशनांचं काम.

मेंदूच्या खोलात दोन्ही बाजूंना एक अरुंद पट्टा आहे, इंटर्नल कॅप्सूल. हातापायांना हुकूम नेणारे सगळे धागे वरच्या पसरट भागातून गोळा होतात आणि इथून दाटीवाटीने खाली उतरतात. मेंदूतली होटगीच म्हणा. इथली हरभऱ्याएवढी जागा गेली तर अख्खी बाजू लुळी पडू शकते. उलट, वरच्या पृष्ठभागावर त्याच्या कितीतरी पट मोठा डाग असलेला माणूस ओपीडीत स्वतःच्या पायाने चालत आलेला मी पाहिलाय. त्यामुळे ‘डाग केवढा आहे’ हा पहिला प्रश्न नातेवाईक विचारतात तेव्हा मी म्हणते, केवढा हे नंतर, आधी कुठल्या रस्त्यावर ते बघू.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ. ‘लेफ्ट’ म्हणजे डावा मेंदू, आणि तो शरीराची उजवी बाजू चालवतो. ‘इन्फार्क्ट’ म्हणजे रक्त न पोचल्यामुळे मेलेली जागा. ‘एमसीए टेरिटरी’ हे मेंदूच्या भागाचं नाव नाही, रक्तवाहिनीचं आहे: मिडल सेरेब्रल आर्टरी. पॅरालिसिसचा झटका लोबच्या सीमा बघून येत नाही, नळ जिथवर पाणी देतो तिथवर येतो. ही वाहिनी मेंदूच्या बाहेरच्या बाजूचा मोठा हिस्सा पोसते. तोंडाची आणि हाताची पट्टी तिच्या वाट्याला येते, डाव्या बाजूला भाषेचा बराच मुलूखही तिच्याच वाट्याला. पायाची पट्टी मात्र मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धांच्या मधल्या फटीत उतरते आणि तिला मुख्यतः दुसरी, पुढची वाहिनी पुरवठा करते. बाबांचा पाय सावरला आणि हात मागे राहिला त्याचं कारण बहुतेक हेच. फिजिओथेरपीत काही कमी पडलं असं समजून स्वतःला बोल लावू नका.

या वाहिनीला पुढे दोन मोठे फाटे फुटतात. वरचा फाटा बंद झाला तर हात-तोंड जातं आणि बोलणं तुटक होतं: ‘पाणी… हे… पाणी’. माणसाला बरंचसं समजत असतं, शब्द बाहेर काढताना घाम फुटतो. खालचा फाटा बंद झाला तर गंमत उलटी होते, अर्थात घरच्यांना ती गंमत वाटत नाही. हातपाय ठीक, माणूस भडाभडा बोलतोय, चालही मराठीची, पण शब्दांना अर्थ नाही, आणि आपण बोललेलं त्याला उमगत नाही. अशा एका आजींना घरच्यांनी आधी देवऋषीकडे नेलं होतं, मग मनोविकारतज्ज्ञांकडे. तिथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत ओळखलं आणि स्कॅनला पाठवलं. हात लुळा नव्हता म्हणून पॅरालिसिस हा शब्दच कुणाच्या मनात आला नव्हता. तुम्ही लिहिलंय त्यावरून बाबांचा प्रकार पहिल्या फाट्याकडे झुकतो. पण हे मी स्कॅन न बघता, माणूस न बघता म्हणतेय, तेवढं लक्षात असू द्या.

या पहिल्या प्रकाराला ज्यांचं नाव मिळालं ते पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका. १८६१ साली त्यांच्याकडे लेबोर्न नावाचा पेशंट आला. एकवीस वर्षं बिसेत्र रुग्णालयात राहिलेला हा माणूस काहीही विचारलं तरी ‘तान तान’ एवढंच म्हणायचा, पण हातवारे आणि आवाजाच्या चढउतारांनी पुष्कळ सांगायचा. आणि फार चिडला की एक अख्खी फ्रेंच शिवी बाहेर पडायची! तुमचं पत्र वाचताना मला पहिला तोच आठवला. काही दिवसांतच तो वारला. ब्रोकांनी मेंदू उघडून बघितला तर डाव्या फ्रंटल लोबच्या खालच्या-मागच्या भागात बिघाड. तेव्हापासून शंभर-सव्वाशे वर्षं पुस्तकांत एका ठिपक्यावर बोट ठेवून ‘हे बोलण्याचं केंद्र’ असं शिकवलं गेलं. मीही तसंच शिकले. पुढे २००७ मध्ये तोच जपून ठेवलेला मेंदू एमआरआयमध्ये घातला, तेव्हा दिसलं की नुकसान पृष्ठभागावरच्या त्या ठिपक्यापुरतं नव्हतंच. ते खूप खोल गेलेलं होतं, आणि पुढच्या-मागच्या भागांना जोडणाऱ्या धाग्यांचा जाड पट्टाही त्यात सापडला होता. म्हणजे स्टेशनही गेलं होतं आणि रूळही.

माझाही एक ‘तान’ होता, अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यातला जॉबर. त्यांना फक्त ‘हौ की’ एवढंच यायचं. भूक लागली तर ‘हौ की’, नको असेल तर ‘हौ की’, नातवाला हाक मारायची तरी ‘हौ की’. घरच्यांना सहा महिन्यांत त्या दोन शब्दांचे पंधरा अर्थ कळायला लागले होते. सुरावरून!

हा सूर कुठून येतो, याच्याशी तुमच्या आरतीचा संबंध आहे. आपण नवं वाक्य जुळवतो तेव्हा शब्द निवडायचा, त्याला प्रत्यय लावायचा, क्रम ठरवायचा, असं सगळं डाव्या बाजूच्या त्या लांब रस्त्यावरून जातं. पण शेकडो वेळा घोकलेलं जे असतं, आरती, पाढे, आकडे, शिव्या, ‘या बसा’, ‘काय बे’, ते जुळवावं लागत नाही. ते अख्खं गाठोडं उचललं जातं, आणि त्यात उजव्या बाजूचा आणि खोलातल्या केंद्रांचा मोठा वाटा असतो. दोन आणि दोन किती, असं विचारल्यावर गप्प बसलेला पेशंट ‘बे एके बे’ सुरू करून दिल्यावर ‘बे दुणे चार’ सहज म्हणतो. तेव्हा आरती म्हणाले म्हणजे बोलू शकतात आणि मुद्दाम बोलत नाहीत, हा निष्कर्ष चुकीचा. तसंच आरती म्हणाले म्हणजे आठवड्यात बोलायला लागतील, हाही चुकीचा. एवढंच म्हणता येईल की जीभ, ओठ, घसा आणि आवाज काम देतायत. ही मोठी गोष्ट आहे. बाबांची अडचण भाषेची आहे, जिभेची नाही. आमच्या भाषेत हा वाचाघात, अफेजिया. याउलट ज्याची जीभ जड झाली आहे, शब्द बोबडे येतात पण वाक्य बरोबर असतं, त्याचा रस्ता वेगळा आणि व्यायामही वेगळे.

या गाठोड्याचा उपयोग करता येतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत यावरच एक पद्धत तयार झाली: छोटी वाक्यं चालीवर म्हणायची, डाव्या हाताने ठेका धरायचा, हळूहळू चाल कमी करत बोलण्याकडे आणायचं. माझ्या अनुभवात ज्यांना समजतं पण बोलता येत नाही अशांपैकी काहींना ती चांगली लागू पडते. सगळ्यांना नाही.

आता तुमच्या घरातला खरा वाद: तेलुगू येतं, मराठी नाही.

हा प्रश्न सोलापुरात मला जितका भेटतो तितका इतर शहरांतल्या माझ्या सहकाऱ्यांना भेटत नसावा. इथे एका गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी चारही ऐकू येतात. लोकांना वाटतं मेंदूत प्रत्येक भाषेची वेगळी खोली असते आणि झटक्यात मराठीची खोली पडली. तसं नसतं. एकाच माणसाच्या दोन भाषा बहुतांशी एकाच मुलखात, एकमेकींत गुंतून राहतात. वेगळी असते ती निवडण्याची यंत्रणा: आत्ता समोर कोण आहे, कोणती भाषा वर काढायची आणि कोणती दाबून धरायची. हे काम कपाळामागचे भाग आणि मेंदूच्या खोलातली काही केंद्रं मिळून करतात. ती यंत्रणा जखमी झाली की एक भाषा वर येते आणि दुसरी दाबलेलीच राहते. पुसली जात नाही. आज एक भाषा आणि काही दिवसांनी दुसरी, असं आलटून पालटून येणारे पेशंटही वैद्यकात नोंदलेले आहेत.

मग तेलुगूच का? फ्रान्समध्ये रिबो नावाचे मानसशास्त्रज्ञ म्हणायचे, जी भाषा आधी शिकली ती टिकते. १८९५ मध्ये तिथलेच डॉक्टर पित्र यांनी म्हटलं, झटक्याच्या आधी जी सर्वांत जास्त वापरात होती ती आधी परत येते. दोघांनाही दुजोरा देणारे पेशंट आहेत आणि दोघांनाही खोटं पाडणारेही. बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारतात. बाबांच्या बाबतीत पहिली भाषाही तेलुगू आणि घरातली रोजचीही तेलुगूच, तेव्हा ती पुढे असणं स्वाभाविक आहे. त्यात तुमच्या मिसेसचा अपमान नाही, हे त्यांना आवर्जून सांगा.

एका घरातली गोष्ट सांगते. सांभाळायला ठेवलेल्या मावशी मराठी, आजोबा तेलुगू. मावशी पेज भरवायच्या, आजोबा ‘चालु’ म्हणायचे. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. मावशींना वाटायचं, चालू दे म्हणतायत. त्या आणखी भरवायच्या, आजोबा वाटी उडवून लावायचे. तीन आठवडे घरात चर्चा चालली होती, की स्वभाव बदलला, आक्रमक झाले, मेंदूच्या पुढच्या भागावर परिणाम झाला असणार. पुढचा भाग बिचारा ठणठणीत होता.

आणि एक माझी स्वतःची चूक. कामाला लागून दोन-तीनच वर्षं झाली होती. विड्या वळणाऱ्या एक बाई होत्या, तेलुगू घरातल्या, पण पेठेत सगळ्यांशी मराठी बोलणाऱ्या. माझी चित्रांची कार्डं मराठीत, मला तेलुगू येत नव्हतं, म्हणून मी मराठीच धरून बसले. घरच्यांनाही सांगितलं, एकच भाषा वापरा, नाहीतर गोंधळ होईल. दोन महिने ‘पाणी’ हा एक शब्द आला नाही. एके दिवशी त्यांची नात बरोबर आली, आणि माझ्याच कार्डावरचा पेला बघून आजी तिला म्हणाल्या, ‘नीळ्ळु’. मला तेव्हा खूप लाज वाटली. त्यानंतर पहिली गोष्ट मी काय केली, तर प्रत्येक कार्डामागे तेलुगू आणि कन्नड शब्द देवनागरीत लिहून घेतले. ती कार्डं अजून वापरते, कोपरे झिजलेत. ‘एकच भाषा ठेवा’ हा सल्ला अजूनही कुणी कुणी देतं. मी देत नाही. जी भाषा येतेय तिला वाट मोकळी ठेवायची, दुसरी तिच्या मागून ऐकवत राहायची.

दोन भाषा असणं हे तुमच्या बाबांच्या पथ्यावरच पडलं असण्याची शक्यता आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरालिसिसच्या ६०८ पेशंटांचा अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के लोकांची स्मरण-विचार करण्याची शक्ती झटक्यानंतरही नेहमीसारखी होती, एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण १९.६ टक्के. मात्र वाचाघाताचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखंच होतं. म्हणजे दोन भाषांनी बोलणं वाचत नाही, पण बोलण्याच्या मागची समज वाचायला मदत होते असं दिसतं.

यावरून शेजाऱ्यांच्या ‘डोक्यावर परिणाम’कडे येते. भाषा जाणं आणि बुद्धी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बाहेरून सारख्या दिसतात, कारण आपण समोरच्याची बुद्धी त्याच्या बोलण्यावरूनच मोजतो. कोणाची काय शक्ती जाते हे बघायचं असेल तर उजव्या बाजूचा झटका आलेले पेशंट बघा. ते छान बोलतात, म्हणून घरचे निर्धास्त असतात. असे एक काका कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या ताटावर बसून रोज भांडायचे, मला चटणी वाढत नाही म्हणून. चटणी ताटात डावीकडे होती. त्यांना डोळ्यांनी दिसत होतं, पण उजव्या पराएटल भागाचं नुकसान झाल्यामुळे जगाची डावी बाजू त्यांच्या हिशेबातूनच गेली होती. दाढी उजव्या गालाचीच करायचे. ताट अर्धं फिरवलं की चटणी ‘यायची’. अशा माणसाला रस्ता ओलांडू देणं धोक्याचं, पण बोलतो झकास म्हणून कुणाला शंका येत नाही. तुमचे बाबा बोलत नाहीत म्हणून सगळ्यांना शंका येते.

कपाळामागच्या भागाचं नुकसान आणखी फसवं. हिशेब बरोबर, बोलणं बरोबर, पण आंघोळीला उठायचं सुचत नाही, दिवसभर बसून राहतो. घरचे म्हणतात, आळशी झाला. हिप्पोकॅम्पसबद्दल एकच सांगते. १९५३ मध्ये अमेरिकेत फिट्स थांबवण्यासाठी हेन्री मोलेसन यांच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढला, आणि त्यानंतर २००८ पर्यंत जगूनही त्यांची एकही नवी आठवण नीट टिकली नाही. पण आरशात बघून चांदणी काढायला शिकवलं तर रोज त्यांचा हात सुधारत गेला, आपण हे आधी कधी केलंय हे त्यांना ठाऊक नसतानाही. हाताची शिकवण वेगळ्या रस्त्याने जाते. तुमच्या बाबांच्या डाव्या हातात सुताचं टोक देऊन बघा. चाळीस वर्षं तुटलेले धागे जोडलेल्या माणसाला काय आठवतं ते बघण्यासारखं असतं, आणि तो शब्द तिथेच, हातात धागा असताना, निघण्याची शक्यता जास्त.

उजव्या मेंदूच्या क्लासबद्दल. उजव्या हाताने काम करणाऱ्या ९५ टक्क्यांच्या आसपास लोकांची भाषा डावीकडे असते, डावखुऱ्यांतही सत्तरेक टक्क्यांची. इथवर ‘डावा-उजवा’ खरं आहे. दोन अर्धांमधला जोडपट्टा कापलेल्या पेशंटांवर रॉजर स्पेरी यांनी जे काम केलं त्याला १९८१ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्याचंच पुढे बाजारात ‘डावा मेंदू हिशेबी, उजवा कलावंत’ असं पीठ झालं. शाबूत मेंदूत दोन्ही अर्ध सतत एकमेकांशी बोलत असतात, एकाला झोपवून दुसऱ्याला उठवता येत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणाऱ्या वर्गांची जी जातकुळी, तीच याची. ते पैसे थेरपीला किंवा रिक्षाभाड्याला वापरा.

किती सुधारेल, हे मला विचारू नका असं म्हणणार नाही, पण उत्तर पुष्कळ गोष्टींवर ठरतं: नुकसान किती खोल आहे, बाबांना समजतं किती, शुगर-बीपी आटोक्यात आहे का, मन खचलंय का. झटक्यानंतर खूप जणांना औदासीन्य येतं आणि ते कुणी विचारत नाही. पहिल्या तीन महिन्यांत वेग सर्वांत जास्त असतो. जखमेपासून दूरचे, पण तिच्याशी जोडलेले भागही सुरुवातीला सुन्न पडलेले असतात आणि ते हळूहळू जागे होतात. सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो, पण थांबत नाही. तिसऱ्या वर्षी नवे शब्द काढलेले पेशंट माझ्याकडे आहेत. तुमचे नऊ आठवडे झालेत, म्हणजे हा वेळ मोलाचा आहे.

घरी करायचं ते असं. सकाळी, जेवण झाल्यावर, टीव्ही बंद करून समोर बसा. हातवारे न करता, नुसत्या शब्दांत सांगा, ‘खिडकीकडे बघा’. मग तेच तेलुगूत. मग वेडेवाकडे प्रश्न: आपण पंढरपुरात राहतो का? मी तुमचा भाऊ आहे का? तोंडच्या हो-नाहीवर विश्वास ठेवू नका, वाचाघातात ‘नाही’च्या जागी ‘हो’ निघतं. डाव्या हाताचा अंगठा वर की खाली, ते बघा. शब्द अडला तर पहिला आवाज द्या आणि दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. ते थांबणं फार जड जातं, पण शब्द बहुधा सातव्या-आठव्या आकड्याला येतो. पाटी-पेन्सिल देऊन ‘लिहून दाखवा’ म्हणू नका. भाषाच अडकली असेल तर लिहिणंही अडकलेलंच असतं, आणि त्यांना आणखी एकदा हरल्यासारखं होतं. त्याऐवजी दोन वस्तू समोर धरा, चहा की पाणी, आणि बोट दाखवू द्या. मोठ्याने ओरडू नका, कान ठीक आहेत. आणि घरातले निर्णय त्यांच्यासमोर, त्यांना विचारून घ्या, उत्तर अंगठ्याने आलं तरी.

मिसेसना एक काम द्या: तेलुगूतले दहा शब्द शिकायचे आणि प्रत्येकापाठोपाठ मराठी शब्द म्हणायचा. ‘नीळ्ळु, पाणी.’ ‘वद्दु, नको.’ सासऱ्यांनी मराठी शब्द उच्चारायलाच हवा असा आग्रह नको, कानावर पडू दे.

कळवायच्या गोष्टी तीन. रिपोर्टमधल्या ‘इम्प्रेशन’खालच्या ओळी जशाच्या तशा. बाबा झटक्याआधी डावखुरे होते का. आणि पाणी पिताना ठसका लागतो का, किंवा पिऊन झाल्यावर आवाज ओला, घोगरा येतो का. हे शेवटचं ‘हो’ असेल तर बाकी सगळं आज बाजूला ठेवा. आडवं करून काही भरवू नका, नीट बसवूनच, हनुवटी किंचित खाली, लहान घोट, आणि लगेच तुमच्या डॉक्टरांना दाखवून गिळण्याची तपासणी करून घ्या. तेलुगू-मराठीला वेळ आहे, फुप्फुसात गेलेल्या पाण्याला नाही.